पहिल्या सालाची की सुधारलेल्या?

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा तिचे दात पाहतो आणि मोटारीच्या बाजारात जुनी गाडी घेणारा साल विचारतो. दात काय नि साल काय, विचारणाऱ्याच्या मनातला प्रश्न एकच असतो. यात अजून किती उरले आहे? परंतु काही मोटारी केवळ जुन्या होत नाहीत, त्या अभिजात होतात. आणि त्यांच्या बाबतीत हा प्रश्न एकदम उलटा होऊन बसतो. तेथे साल विचारणारा मनातून म्हणत असतो, यात पूर्वीचे किती उरले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिस्त्री देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर देणे त्याच्या आवाक्यातले नाही, कारण तो प्रश्न गाडीचा नसून घेणाऱ्याचा असतो.

आमच्या नगरातल्या एका घरी गेले वर्षभर या दुसऱ्या प्रश्नाने मुक्काम ठोकला आहे. नगर हे तसे गाड्यांचेच गाव. चिलखती दलाचे केंद्र येथे, सैन्याच्या वाहनांचे संशोधन येथे आणि १९७२ साली ज्या चिमुकल्या लूनाने मध्यमवर्गाला पायडलवरून उचलून एंजिनावर बसवले, ती लूनाही येथलीच. त्या घरचे गृहस्थ आयुष्यभर वाहनांच्या तपासणीचे काम करून निवृत्त झालेले. मुलगा इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. तेथे ज्या कंपनीच्या जग्वार गाड्या होत, तिच्या 'ई-टाइप' या क्रीडामोटारीने त्याला लहानपणी एका चित्रातून वेड लावले होते. आता पंधरा वर्षांची शिल्लक हाताशी धरून तो दोन गाड्यांपुढे उभा आहे. एक १९६१ ची, दुसरी १९६५ ची. पहिली पुष्कळच महाग. "बाबा, कोणती घेऊ?" असे त्याने विचारले आणि बापलेकांत वाद सुरू झाला.

वाद समजण्यासाठी गाडीचा थोडा वृत्तान्त सांगितला पाहिजे. १९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. विमानांच्या कारखान्यात हात तयार झालेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार रेखला होता. लांब निमुळते नाक, पाण्यातून सुळकन जाणाऱ्या माशासारखे अंग, ३.८ लिटरचे एंजिन आणि ताशी १५० मैलांची, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरची ग्वाही. लोक वेडे झाले. पण वेड ओसरल्यावर चालवणाऱ्यांना एकेक गोष्ट बोचू लागली. बैठका पाठीला सुख देत नव्हत्या. पायाखालचा पत्रा सपाट असल्याने उंच माणसाला पाय कोठे ठेवावेत हा प्रश्न पडे. पहिल्या गियरला सिंक्रोमेश नव्हते, त्यामुळे गाडी हलती असताना तो टाकणे म्हणजे दातांवर दात घासणेच. ब्रेक वेगाला साजेसे नाहीत अशीही कुरकुर होती. कारखान्याने हे ऐकले. १९६२ च्या सुरुवातीला पायाखाली खळगा आला. १९६४ च्या ऑक्टोबरात एंजिन ४.२ लिटरचे झाले, सर्व गियरांना सिंक्रोमेश मिळाले, बैठका बदलल्या, ब्रेकला जोर देणारी नवी यंत्रणा आली आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला. अश्वशक्तीचा आकडा मात्र २६५ तोच राहिला. रूपही जवळजवळ तेच.

तेव्हा शहाण्या माणसाने १९६५ ची घ्यावी, यात वाद कसला? बापाचे म्हणणे असेच होते. ज्याने गाडी केली त्यानेच तिच्यातले दोष ओळखून दूर केले. मग दोषांसाठी जास्त पैसे मोजणे हा शुद्ध वेडेपणा! मुलाचे म्हणणे वेगळे होते. "बाबा, १९६५ ची गाडी चांगली आहे हे मला ठाऊक आहे. पण जगाने जी पाहिली आणि श्वास रोखला, ती १९६१ ची. दोष असले तरी ते पहिल्या क्षणाचे आहेत."

दोघेही मला पटतात आणि म्हणूनच हा प्रश्न किंमतीचा न राहता विचाराचा होतो. जे पहिले, तेच खरे काय? आणि मागाहून सुधारले, ते कमी खरे काय?

हा प्रश्न मोटारींच्या पुष्कळ आधीचा आहे आणि त्याचे एक थोर उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या कुशीतच आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातोहात उतरून घेतली गेली. लेखकांच्या चुका शिरल्या, हौशी भाविकांच्या ओव्या शिरल्या. तेव्हा जवळच्याच पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती मिळवून शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. आणखी सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ साली, इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्याही पूर्वीची म्हणून एक प्रत छापून पुढे ठेवली आणि अभ्यासकांपुढे तोच पेच उभा राहिला. जुनी घ्यावी की शोधलेली? भाविकाने नाथांची प्रत देव्हाऱ्यात ठेवली, पंडिताने राजवाड्यांची प्रत मेजावर ठेवली आणि माझ्या मते दोघांनीही योग्यच केले. एकाला ग्रंथाची सोबत हवी होती, दुसऱ्याला साक्ष.

सोबत आणि साक्ष, हे दोन शब्द नीट वेगळे ठेवले की बराच गुंता सुटतो. साक्षीदाराने सुधारायचे नसते. त्याने जसे होते तसे सांगायचे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट जातीची एक चिलखती मोटार उभी आहे. श्रीमंतांच्या दिमाखासाठी जन्मलेल्या या जातीवर पहिल्या महायुद्धात पोलाद चढवले आणि तिला रणांगणात उतरवले. त्या गाडीवर उद्या कोणी नव्या काळचे दिवे बसवले तर आपण त्याला अडाणी म्हणू. सरकारलाही हे कळते. २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जपलेले खाजगी वाहनच 'व्हिंटेज' म्हणून नोंदले जाते. चॅसिस, सांगाडा, एंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्याच्या क्रमांकात 'व्हीए' ही मानाची अक्षरे येतात; पण त्याबरोबर ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणण्याचा हक्कही जातो. मला या नियमात मोठी मार्मिकता दिसते. साक्षीदाराचा मान हवा, तर चाकरीचा हक्क सोडावा लागतो!

सोबतीचे तसे नाही. सोबत करणाऱ्याने आपल्याबरोबर चालावे लागते, ऊन-पाऊस सोसावे लागते आणि जमल्यास शहाणेही व्हावे लागते. १९६५ ची गाडी ही काही १९६१ च्या गाडीची नक्कल नव्हे. कर्त्याने स्वतःचे काम चार वर्षे पाहून, लोकांचे बोल ऐकून केलेला तो पुनर्विचार आहे. पहिल्या स्फूर्तीला आपण फार मान देतो. पण आपली चूक पाहून ती शांतपणे दुरुस्त करणे यालाही काही कमी प्रतिभा लागत नाही. ज्या क्षणी टाळ्या पडतात तोच तेवढा खरा, असे मानले तर उरलेले सारे आयुष्य खोटे ठरेल.

मग यात अनीती कोठे आहे? सुधारण्यात नाही आणि न सुधारण्यातही नाही. ती लपवण्यात आहे. जुन्या वस्तूत तीन प्रकारचे बदल होतात. कर्ता करतो ती सुधारणा, जपणारा करतो ती शुद्धी आणि विकणारा करतो ती पुष्कळदा भेसळ. १९६१ च्या गाडीत १९६५ चा गियरबॉक्स बसवणारे पुष्कळ आहेत. बसवला आणि सांगितला, तर ती सोय झाली. बसवला आणि 'अस्सल एकसष्टची' म्हणून विकली, तर तोच गियरबॉक्स, तेच दाते, पण ती चोरी झाली. नाथांनी ग्रंथ शोधल्यावर अखेरीस आपण काय केले आणि कोणत्या शकात केले हे लिहून ठेवले. मला त्यांच्या विद्वत्तेइतकीच ही नोंद मोलाची वाटते. जुन्या गोष्टीला हात लावणाऱ्याने आपल्या हाताची खूण लपवू नये.

बापलेकांच्या वादात घरच्या बाई आतापर्यंत फक्त ऐकत होत्या. एके दिवशी त्यांनी चकलीचा सोऱ्या पुसता पुसता विचारले, "अरे, पण या तुझ्या गाडीत बसतात किती जण?" मुलगा म्हणाला, "दोघे, आई." "मग नातवंडांनी मागून पळत यायचे का?" तेव्हा मुलाने नाइलाजाने कबूल केले की १९६६ साली याच गाडीची मागे दोन छोट्या बैठका असलेली, नऊ इंच वाढवलेली, जरा उंच छपराची आवृत्तीही निघाली होती. पण दर्दी लोक तिला नाके मुरडतात. बाई म्हणाल्या, "मुरडेनात! त्यांना थोडेच बसवायचे आहे तुला गाडीत?"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कोणते साल खरे, यावर आम्ही पुरुषमंडळी झुंजत होतो. कोणाबरोबर जायचे आहे, हे त्यांनी विचारले. जुनी वस्तू निवडताना आपण वस्तू निवडतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः तिच्याशी वागण्याची आपली एक रीत आपण निवडत असतो.

आणि हा प्रसंग मोटारीवाल्यांवरच येतो असे नाही. घरातले वडील माणूस गेले की तेराव्याच्या आत एक फोटो निवडावा लागतो. लग्नातला घ्यायचा की शेवटच्या वर्षातला? मुलगी म्हणते, बाबा असे रुबाबदार होते, तोच लावा. नातू म्हणतो, मी पाहिलेले आजोबा हे नव्हेतच. दोघांचेही डोळे ओले असतात आणि दोघांचेही खरे असते. भिंतीवर एकच साल मावते. माणूस मात्र सर्व सालांचा मिळून झालेला असतो. म्हणून मला त्या घरांचे कौतुक वाटते, जी एक फोटो भिंतीवर लावतात आणि बाकीचे पेटीत जपून ठेवून पोरांना सणासुदीला काढून दाखवतात.

मला कोणी विचारले, तर मी सुधारलेल्या सालाच्या बाजूने हात वर करीन. पहिले साल वंदनीय आहे. ते कोणीतरी जपलेच पाहिजे आणि जे जपतात त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने आपल्या कर्त्याच्या शहाणपणाचा अव्हेर करू नये. मागची बाक हवी असेल, तर दर्दी लोकांच्या नाकांकडे न पाहता खुशाल १९६६ ची घ्यावी. एवढेच करावे की जे घेतले त्याला त्याच्याच सालाने हाक मारावी.