दुसरं मनगट

बर्लिनच्या राइशस्टागवर लाल झेंडा लावतानाचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. माझी नजर मात्र झेंड्यावर कधी ठरलीच नाही. जुन्या घड्याळांचा नाद वाईट! झेंडेवाल्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या डाव्या मनगटावर घड्याळ आहे. ते कोणतं, यापायी मी तीन महिने घालवले. अखेर निकाल लावला: मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचं. अमेरिकेतल्या एका बुडालेल्या कंपनीची यंत्रं आणून 1930 मध्ये तो सुरू झाला. खिशातल्या घड्याळाचं मशीनच त्यांनी मनगटी घड्याळात बसवलं, म्हणून ती घड्याळं अशी ऐसपैस. वहीत पेन्सिलीनं नोंद केली आणि शाबासकी घ्यायला घड्याळवाल्या काकांकडे गेलो. फोटो असलेली दोन्ही पुस्तकं बरोबर होती.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, पानावर वाकले आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. मीही पाहिलं. छपाईचे काळे-करडे ठिपके. डायल नाही, काटे नाहीत.

"सेकंदकाटा नऊच्या बाजूला आहे म्हणालास. कुठे दिसला?"

दिसला नव्हताच. त्या कारखान्याच्या घड्याळांत तो तिथे असतो, असं वाचलं होतं.

तोवर काकांनी दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडली होती. "आणि हा उजवा हात बघ." एका पुस्तकात उजवं मनगट मोकळं होतं, दुसऱ्यात त्यावरही काहीतरी बांधलेलं. तीन महिने ही दोन्ही पुस्तकं माझ्या उशाशी होती.

मग आठवडाभर मुकाट्यानं वाचत बसलो. फोटो 2 मे 1945 चा, येवगेनी खाल्देईनं काढलेला. तो सोव्हिएत वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार. संस्थेचं नाव 'तास', हे घड्याळवेड्याला सुखावणारं. झेंडाही त्यानंच मॉस्कोहून नेलेला, लाल मेजपोशाचा, ओळखीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. फोटो 'ओगोन्योक' साप्ताहिकाकडे गेला तेव्हा दोन्ही मनगटं नजरेत भरली. एका मनगटावरचं घड्याळ वेळ सांगतं, दोन मनगटांवरची दोन घड्याळं लूट सांगतात. त्या दिवसांत रशियन सैनिक बर्लिनकरांच्या हातांतली घड्याळं काढून घेत होते, त्यामुळे हे परवडणारं नव्हतं. खाल्देईनं सुई घेतली आणि निगेटिव्हवरचं उजवं मनगट खरवडून साफ केलं. 13 मे रोजी फोटो छापून आला. पुढे आकाशात धूरही गडद केला गेला, पण धुराबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळे बोलतात ते पुसलेल्या मनगटाबद्दल.

पुन्हा काकांकडे गेलो, पुन्हा उत्साहात. "काका, उजव्या हातातलं लुटीचं! म्हणजे जर्मन असणार, नाहीतर स्विस."

काका एका लेडीज घड्याळात तेल सोडत होते. सुईच्या टोकावर थेंब, तोही दिसेल न दिसेल एवढा. तो मशीनमध्ये उतरेपर्यंत ते बोलले नाहीत.

"ते घड्याळच होतं, कशावरून?"

आता मात्र मला सांगावं लागलं. लाल सेनेत अद्रियानोव्ह नावाचं होकायंत्र असे. चामड्याच्या पट्ट्यानं मनगटावर बांधायचं, दुरून थेट घड्याळ वाटायचं. उजव्या हातावर तेच होतं, असंही काहींचं म्हणणं आहे.

"म्हणजे होकायंत्र असलंच," काका म्हणाले, "तर त्याला चोरीचा माल केला तो त्या सुईनं."

मी वही उघडली. 'मॉस्को, पहिला कारखाना' ही माझीच ठळक ओळ समोर होती. काकांच्या टेबलावर खोडरबर शोधू लागलो.

"खोडतोस कशाला?" चिमट्यानं लेडीज घड्याळाचा काटा उचलत ते म्हणाले. "राहू दे. पुढे प्रश्नचिन्ह टाक."