उतारावरचा ट्रक

तंत्रज्ञान कंपन्यांच्या दिखाऊ जाहिरातबाजीने शेअरचे भाव हलतात का? हलतात, एवढे उत्तर खरे आहे. पण कोणत्या तमाशाने भाव पडतो आणि कोणत्याने चढतो हे पाहिले, की बाजाराची एक वाईट खोड उघडी पडते. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी टेस्लाने सायबरट्रक लोकांपुढे आणला. काच किती भक्कम आहे हे दाखवायला कंपनीचे मुख्य डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी पोलादी गोळा फेकला आणि काच तडकली. मागच्या खिडकीवर फेकला, तीही तडकली. इलॉन मस्क यांना पुढचे भाषण त्या तडकलेल्या काचांसमोर उभे राहून उरकावे लागले. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ६ टक्क्यांनी घसरला. याउलट निकोला कंपनीने २०१८ च्या जानेवारीत आपला ट्रक रस्त्यावरून ऐटीत जाताना दाखवणारी चित्रफीत प्रसृत केली. तो ट्रक स्वतःच्या बळावर चालूच शकत नव्हता. उतारावर नेऊन नुसता सोडून दिलेला होता. जून २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि काही दिवसांतच तिचे बाजारमूल्य फोर्डच्याही पुढे गेले. तेव्हा तिने एकही ट्रक विकलेला नव्हता! सर्वांदेखत फसलेल्या प्रयोगाला शिक्षा एका रात्रीत, आणि लपवलेल्या अपयशाला अडीच वर्षांहून अधिक सवलत.

यावर जाणकार म्हणतील, की एका दिवसाच्या घसरणीवरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. सायबरट्रकचे कोनाकोनांचे रूपही अनेकांना रुचले नव्हते, त्यामुळे घसरणीतला गोळ्याचा वाटा वेगळा काढता येणार नाही. शिवाय महिनाभरात तो शेअर विक्रमी पातळीवर होता. मग बाजार चूक सुधारतोच की, काळजी कशाची? इथेच या युक्तिवादाचा पाय घसरतो. भाव जागेवर येतो, पण पैसा मूळ खिशात परत येत नाही. १० सप्टेंबर २०२० रोजी निकोलाचे बिंग फोडणारा, हिंडेनबर्ग रिसर्च या संशोधन संस्थेचा अहवाल आला आणि निकोलाचा शेअर कोसळू लागला, तेव्हा ‘सुधारणा’ झाली ती चढ्या भावात घेणाऱ्यांच्या पैशाने. चढ्या भावात विकून मोकळे झालेल्यांना तिची झळ लागली नाही. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांच्यावरील आरोपपत्रात सरकारी वकिलांनी नेमके हेच मांडले होते, की समाजमाध्यमे आणि मुलाखतींतून त्यांनी लक्ष्य केले ते छोट्या, नवख्या गुंतवणूकदारांना.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: अतिशयोक्ती कोणती जाहिरात करत नाही? साबणाचीही करते. पण साबण घेणाऱ्याच्या हाती निदान साबण तरी येतो, आणि नाही आवडला तर पुढच्या महिन्यात तो दुसरा घेतो. शेअर घेणाऱ्याने मुळात तो दावाच विकत घेतलेला असतो. दावा खोटा निघाला की हाती काही उरत नाही. म्हणून भांडवल बाजारात अर्धसत्याला जाहिरातीची सूट देता कामा नये. चित्रफीत उघडी पडल्यावर निकोलाची मखलाशी अशी होती, की ट्रक ‘गतिमान’ आहे एवढेच आम्ही म्हटले, स्वतःच्या इंजिनावर चालतो असे नव्हे. शब्दशः खरे बोलून फसवता येते, याचा याहून चोख नमुना मिळणे कठीण.

न्यायही उशिरा का होईना झाला, असे म्हणावे तर तेही धड म्हणता येत नाही. मिल्टन २०२२ मध्ये दोषी ठरले, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकोलाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी मिल्टन यांना माफी दिली.