कच्च्या टाक्यांचा कोट

अल्फा, बीटा आणि गॅमा या मंडळींशी आमची ओळख भूमितीच्या तासाला झाली. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत ते गुपचूप बसलेले असत आणि तिघांची बेरीज १८० अंश भरली की मास्तर खूश होत. पुढे आमची ताटातूट झाली. नंतर बीट भेटला तो कोशिंबिरीतच. हल्ली मात्र कॉम्प्युटरवर किंवा फोनवर एखादा नवा प्रोग्रॅम उघडावा, तर त्याच्या नावाशेजारी, लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहितात तितक्या बारीक अक्षरांत, 'बीटा' असं लिहिलेलं असतं.

आमचा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. (प्रत्येकाचा एक पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असतोच.) त्याने खुलासा केला, "काका, कंपनीतल्या कंपनीत तपासतात ती अल्फा. मग ती अपुरी वस्तू बाहेरच्या लोकांना वापरायला देतात आणि चुका कळवायला सांगतात, ती बीटा." आयबीएम कंपनीत पूर्वी नव्या यंत्राची 'ए' चाचणी आणि 'बी' चाचणी होत असे. त्या ए-बींचंच पुढे ग्रीक बारसं झालं.

तसं यात नवं काही नाही. पूर्वी लग्नाचा कोट शिवायला टाकला की शिंपी 'ट्रायल'ला बोलवायचा. एकाच बाहीचा, कॉलर नसलेला, पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी कसाबसा एकत्र धरलेला तो कोट चढवून नवरदेव आरशासमोर उभा राही. शिंपी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घाली, खडूने रेघा मारी आणि टाचण्यांमधून विचारी, "काखेत धरतोय का?" नवरदेवाने हात वर केला की 'टर्र' असा आवाज होई. पण कोणी रागावत नसे. कोट अपुरा आहे हे शिंप्याला ठाऊक, नवरदेवाला ठाऊक. इतका स्वच्छ व्यवहार पुढे लग्नातसुद्धा राहत नाही.

प्रश्न येतो तो पुढे. त्याच कच्च्या टाक्यांत नवरदेवाला मांडवात धाडला तर? अपुरी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं हे पाप केव्हा होतं?

नुसते पैसे घेतल्याने होतं का? १९९५ साली मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ९५' बाजारात येण्यापूर्वी तिची बीटा प्रत लोकांना दिली, ती जवळजवळ २० डॉलर घेऊन. १३ सप्टेंबर २००० रोजी ॲपलने आपल्या नव्या 'मॅक ओएस एक्स'ची बीटा तबकडी २९ डॉलर ९५ सेंटला विकायला काढली. शिवाय ती मे २००१मध्ये आपोआप बंद पडणार होती. म्हणजे वस्तू अपुरी, चुका शोधायच्या आपण, कळवायच्या आपण, आणि वर मुदत संपली की वस्तू गप्प! आमच्या सौ.ने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं डोकं मला असतं तर दिवाळीच्या चकल्यांचा पहिला घाणा मी शेजाऱ्यांना विकला असता."

पण न्यायाने बोलायचं तर यात फसवणूक नव्हती. अपुरं आहे हे वेष्टणावरच छापलं होतं. ज्यांना हौस होती त्यांनी घेतलं, नव्हती त्यांनी घेतलं नाही. मार्च २००१मध्ये पुरी वस्तू आली तेव्हा बीटा घेणाऱ्यांना ३० डॉलरची सूटही मिळाली. हौसेला मोल नसतं म्हणतात; इथे ते परतसुद्धा मिळालं. तेव्हा शिंप्याचा नियम पाळला गेला असंच म्हटलं पाहिजे.

दुसरी तऱ्हा जरा सूक्ष्म आहे. गूगलची जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आली आणि 'बीटा'ची पाटी उतरली ती ७ जुलै २००९ रोजी. सव्वापाच वर्षं! मूल पहिलीत घालायच्या वयाचं झालं तरी पाळण्यावरची 'बाळ झोपले आहे' ही पाटी काही निघाली नाही. दरम्यान कोट्यवधी लोक तिच्यावरून नोकरीचे अर्ज धाडत होते, लग्नं जमवत होते आणि मोडतही होते.

हा प्रकार आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत चालतो. गवई तंबोरे लावता लावता सांगतो, "आज घसा जरा बसलाय." गाणं रंगलं तर 'बसलेल्या घशाने हे, मग एरवी काय!' म्हणून वाहवा. पडलं तर घसा आहेच. यजमानीणबाईंचं "आज आमटी मेली बिघडलीच" हे त्याच घराण्यातलं. आधी हात जोडून ठेवले की नंतर कान पकडावे लागत नाहीत. प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी आपण जो लांबलचक करारनामा न वाचता 'मान्य' म्हणून मोकळे होतो, त्यातही बहुधा एक वाक्य असतंच: वस्तू 'आहे तशी' दिली आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या आपल्या दुकानातल्या पाटीची ही परदेशी शिकून आलेली बहीण. नम्रता हा सद्गुण खरा, पण ती जबाबदारीच्या खुंटीला टांगून ठेवलेली छत्री असेल तर तिच्याखाली भिजतो कोण, एवढं पाहावं.

बीटाची परमावधी मात्र आपल्या घरातच आहे. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, हा नियम. म्हणजे पुरणात गूळ किती पडला आणि कटाच्या आमटीत मीठ पडलं की नाही, हे सगळ्यांत आधी कळणार देवाला. आद्य बीटा परीक्षक तो! आणि किती गुणी! हजारो वर्षांत त्याने एकही तक्रार नोंदवलेली नाही. मला वाटतं, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मनातलं आदर्श गिऱ्हाईक ते हेच. ताट पुढे ठेवावं, डोळे मिटावेत, घंटा वाजवावी आणि गिऱ्हाईक प्रसन्न झालं असं समजावं.

माणसं मात्र तक्रार करतात. आणि तिथेच खरी गोम आहे. ऑक्टोबर २०१८मधली हकीकत आहे. 'विंडोज १०'ची नवी आवृत्ती २ तारखेला बाहेर पडली आणि ६ तारखेला कंपनीला ती थांबवावी लागली. कारण काही लोकांच्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या फायलीच नाहीशा झाल्या होत्या. झालं होतं असं की, काहींनी कागदपत्रं, फोटो ठेवायची जागा पूर्वी कधीतरी बदलून दुसरीकडे नेली होती. नव्या आवृत्तीने ठरवलं, मालकाने बिऱ्हाड हलवलंय, तेव्हा जुनी खोली रिकामीच असणार; पाडा. माळ्यावर अजून ट्रंका होत्या, हे कोणी पाहिलंच नाही.

आता, ही आवृत्ती आधी हौशी बीटावाल्यांनी वापरली नव्हती का? वापरली होती. त्यांतल्या काहींनी काही महिने आधी लेखी कळवलंही होतं की आमच्या फायली गेल्या. पण तक्रारींच्या त्या वहीत ज्या तक्रारीला जास्त लोकांचा दुजोरा ती वर, आणि कमी दुजोऱ्याची खाली, असा हिशेब असे. फायली गेलेले मोजके. त्यांची तक्रार तळाशी राहिली. लोकशाही मलाही प्रिय आहे, पण घराला आग लागली आहे की नाही हे चाळीत मतदान घेऊन ठरवू नये. ज्याच्या खोलीत लागली आहे त्याचं एक मत पुरे. कंपनीने पुढे सांगितलं की फायली गेल्याची नोंद दहा हजारांत एक एवढीच होती. हा आकडा उरलेल्या ९,९९९ लोकांना फार दिलासा देतो. कंपनीने आपली चूक ओळखली हे खरं. तक्रार किती गंभीर आहे हेही नोंदवायची सोय मग त्या वहीत झाली. पण माझा जीव अडकला तो त्या आधी कळवणाऱ्यांत. शिंप्याने विचारलं, "काखेत धरतोय का?" नवरदेव म्हणाला, "हो." आणि शिंपी म्हणाला, "बाकी कोणी बोललं नाही."

हे झालं राजीखुशीने कोट चढवणाऱ्यांचं. आमच्या शेजारच्या आप्पांना कोणी विचारलंच नव्हतं. वय ७९. पेन्शन जमा झाली की नाही हे फोनवर कसं पाहायचं, हे ते दोन महिने घोकून शिकले होते. पायऱ्या एका वहीत लिहिलेल्या: 'वरून तिसरे निळे चौकोन दाबणे. मग थांबणे.' एका सकाळी त्यांच्या बँकेचं ॲप रातोरात नवं झालं. निळे चौकोन गेले, गोल आले. आप्पा वही घेऊन आमच्याकडे आले. चेहरा असा की परीक्षेत भलताच पेपर हाती पडलाय. म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं वाटतं."

मला वाटतं, पाप असेल तर ते या वाक्यात आहे. अपुरी वस्तू दिली, हे क्षम्य. पण ज्याच्या हाती दिली त्याला ती स्वतःची अपुरी बुद्धी वाटावी, हे नव्हे.

पुतण्यापाशी मी हे बोललो तेव्हा तो एकदम अध्यात्मात शिरला. "काका, पूर्ण असं जगात काही आहे का? माणूससुद्धा बीटाच." अडचणीत सापडलेला इंजिनीअर वेदान्ताकडे वळतो हे मी पाहिलं आहे. मी त्याला डोनाल्ड नूथ यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकेतले संगणकशास्त्राचे थोर प्राध्यापक. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक धाडत. लोक तो वटवत नसत, चौकटीत लावत. त्यांच्या 'टेक' या छपाईच्या प्रोग्रॅममधल्या चुकीचं बक्षीस तर वर्षागणिक दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत गेलं. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात 'पाय'चा एकेक दशांश वाढतो: ३.१४, ३.१४१... म्हणजे कधीच पूर्ण न होणारा आकडा. पूर्णत्व नाही हे त्यांनाही मान्यच. पण चूक दाखवणाऱ्याचे आभार आणि पैसे रोख. आपल्यामागे उरलेल्या चुका 'वैशिष्ट्यं' समजाव्यात, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. शोकसभेत आपण हेच करतो. भांडकुदळ होते त्यांना स्पष्टवक्ते म्हणतो आणि चिक्कू होते त्यांना साधी राहणी. फरक इतकाच की नूथ हयातभर दुरुस्त्या करत आले आहेत. आपण थेट शोकसभेवर भिस्त ठेवतो.

पुतण्या काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी तो आपल्याच कंपनीचं एक ॲप घेऊन आप्पांकडे गेला. "आप्पा, हे अजून कच्चं आहे. तुम्ही वापरा, मी नुसता बघत बसतो." तासाभरात आप्पा अकरा ठिकाणी अडले आणि पुतण्याने अकरा गोष्टी लिहून घेतल्या. कंपनीतल्या पंचविशीतल्या पोरांना त्यांतली एकही सापडली नव्हती, म्हणाला. बाराव्या ठिकाणी आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मास्तरी आवाजात ठणकावलं, "हे तुमचं चुकलंय!"

त्या दिवशी आप्पांनी काकूंना दोनदा चहा करायला लावला.