सुतळीचा गोळा

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर माझी मुलगी मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. "बाबा, तुमचा तो टपालगाडीचा पिक्चर लावू का?"

अलीकडे मला इंटरनेटवर छोटे अनुबोधपट पाहण्याचा नाद लागला आहे. माझे वडील सांगत, त्यांच्या तरुणपणी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट सुरू झाला, की पुष्कळजण चहाला बाहेर पडत. वडिलांनी चहापायी सोडले, ते मुलगा रात्री जागून पाहतो आहे!

तो पट म्हणजे 'नाइट मेल'. १९३६ साली ब्रिटिश टपालखात्याच्या चित्रपट विभागाने काढलेला, पंचवीस मिनिटांहूनही लहान. लंडनहून रात्री स्कॉटलंडकडे धावणारी गाडी, आणि तिच्या डब्यात उभ्याने पत्रे निवडणारी माणसे. पत्ता वाचता वाचता नेमक्या खणात पत्र टाकणारी त्यांची बोटे पाहून मुलगी रंगून गेली. तेवढ्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, "हा डबा खरा नाही बरं का! स्टुडिओत उभारलेला आहे. तो हलल्यासारखा दिसेना, म्हणून एक सुतळीचा गोळा टांगून झुलवला आणि त्याच्याकडे बघत माणसांना डोलायला सांगितलं."

"म्हणजे खोटंच की!" ती म्हणाली आणि झोपायला निघून गेली.

मी मात्र जागाच राहिलो. खोटे म्हणावे, तर पत्रे निवडणारी ती माणसे टपालखात्यातलीच होती. डोलणे उसने होते, बोटांचे कसब उसने नव्हते. कादंबऱ्या लिहिणारा माणूस मी; रचणे हे पाप असते, तर माझी धडगत नव्हती!

मग रॉबर्ट फ्लाहर्टीचा १९२२ सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' आठवला. हा पट मोठा आहे, पण प्रश्न तोच. उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांचे बर्फाचे घर आतून टिपायला उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवून मुद्दाम घर बांधले. याचे मला काही वाटत नाही. पण बंदूक ठाऊक असलेल्या त्या लोकांना फ्लाहर्टीने जुन्या भाल्यांनी शिकार करायला लावले. ते मनाला खटकते. भिंत काढली ती दिसावे म्हणून. बंदूक दूर ठेवली ती दिसू नये म्हणून. दिवाळीत आपणही घर सजवतोच. कोनाड्यात पणती ठेवणे निराळे आणि अडगळ पडद्यामागे ढकलणे निराळे.

अडगळ हा शब्द मनात आला आणि मी दचकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची तपासणी होती. माझ्या वर्गात एक मुलगा फार अडखळत वाचत असे. साहेब यायच्या आधी मी त्याला झाडांना पाणी घालायला पाठवले. तपासणी उत्तम झाली. मुलांनी धडाधड वाचले, साहेबांनी शेऱ्याच्या वहीत चांगले चार शब्द लिहिले. ते गेल्यावर तो मुलगा ओल्या हातांनी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब गेले का, गुरुजी? आता आत येऊ?"

त्याला सारे समजले होते.

त्या तासाला कुणी कॅमेरा लावला असता, तर त्यात रचलेले काहीच सापडले नसते. भिंती खऱ्या, फळा खरा, मुले खरी, त्यांची उत्तरेही खरी. तरीही तो तास खोटा होता. आणि त्या लाकडी डब्यात, सुतळीच्या गोळ्याबरोबर डोलणारी ती माणसे मात्र खरी होती. सत्य रचले आहे की आपोआप घडले आहे, यावर फारसे काही अवलंबून नसते. चौकटीबाहेर कुणाला उभे केले आणि कुणाच्या सोयीसाठी, हे विचारायचे असते.

सकाळी चहाच्या वेळी मी मुलीला ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्यानंतर कधी त्याला तुम्ही पुढं बोलावून वाचायला लावलंत का?"

आदल्या रात्री तिच्या शंकेला निदान शोधल्यावर उत्तर सापडले होते. या प्रश्नाला ते शोधावेच लागले नाही. मी मान खाली घातली आणि निवलेला चहा पिऊन टाकला.