हिशेबाची वही

एम. ए.च्या वर्गात डोराचं प्रकरण शिकवताना दरवर्षी माझा आवाज चढतो. अठरा वर्षांची मुलगी उपचार अर्धवट सोडून गेली, तरी फ्रॉइडने १९०५मध्ये तिची कहाणी तिच्या नकळत छापली. तिला दिलेलं ‘डोरा’ हे नावसुद्धा त्याच्या बहिणीकडच्या आयाचं. त्या आयाचं आणि मालकिणीचं नाव एकच निघालं म्हणून तिला स्वतःचं सोडावं लागलं होतं. इथे मी क्षणभर थांबते. मुली खाली माना घालून लिहून घेतात.

बाबा गेल्यानंतरची आईची दुधाची वही मला फडताळात सापडली. पुढून लिटर आणि खाडे. वही उलटी केली की कविता. एकीत ती रात्री उशिरापर्यंत वाचत बसते, दिवा मालव म्हणणारं कुणी नाही, आणि त्या सुखाची तिलाच धास्ती वाटते. मी मोबाइलवर फोटो काढले. त्यावर लिहिलेल्या माझ्या निबंधात आई ‘एक गृहिणी’ झाली, तिची धास्ती ‘दमन’ झाली. पुरुषसत्ता हा शब्द तर पानोपानी. तो वापरला की बाबांचं नाव घ्यावं लागत नाही. आयत्या ताटावर बसणाऱ्या मुलीचंही नाही.

बहिणाबाईंचा आधार घेऊन पाहिला. सोपानदेवांनी गाणी उतरवून घेतली नसती तर १९५२चं ते पुस्तक कुठून आलं असतं? पण बहिणाबाई गायच्या, शेजारपाजारच्या कानावर जाईल असं. आईने वही उलटी धरली होती. इंदिरा संतांनी १९४६मध्ये पती गेल्यानंतरचं दुःख ‘शेला’त आणलं, तेव्हा काय छापायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. आईचं मी ठरवलं. निबंधाची वाहवा झाली. ती मी घेतली, हेही लिहून टाकते.

निबंध छापलेला अंक आईच्या हाती लागला. चष्मा लावून तिने सगळा वाचला. मी ओट्यापाशी उगाच भांडी लावत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मार्चमध्ये तीन खाडे होते गं. तू दोन लिहिलेस.”

आता दुधाचा हिशेब ती कालनिर्णयवर मांडते. तारखेच्या चौकोनात आकडाच काय तो मावतो.