पांच डॉलरांची मर्यादा

स्वावलंबन हा सद्गुण आहे, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु त्याचें मोल नेमकें कशांत आहे, याचा विचार क्वचितच होतो. सर्व कामें आपल्याच हातांनीं करण्याचा अभिमान म्हणजे स्वावलंबन काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. या प्रश्नाच्या उलगड्यासाठीं आम्ही घेत असलेलें उदाहरण मात्र पुष्कळ वाचकांच्या कानांस कर्कश लागेल.

अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरीं 'पंक' नांवाचें उग्र व द्रुत संगीत वाजविणारा 'टीन आयडल्स' हा तरुण पोरांचा बँड १९८० सालीं मोडला. कार्यक्रमांतून सांठलेले सुमारें ६०० डॉलर त्यांनीं वांटून घेतले नाहींत. त्यांतून आपल्या गाण्यांच्या १,००० तबकड्या काढविल्या, आणि त्यांचीं पाकिटें स्वतः कापून, दुमडून, चिकटविलीं. त्यांच्यापैकीं इयन मकाय व जेफ नेल्सन यांची 'डिस्कॉर्ड' ही प्रकाशनसंस्था अशी जन्मास आली. मकाय यांचा नंतरचा एक बँड 'फुगाझी' १९८७ सालीं रंगमंचावर आला. त्याच्या कार्यक्रमाचा दर बहुधा पांच डॉलर असे. कोणत्याही वयाच्या श्रोत्यास मज्जाव नसे. बँडच्या नांवाचे सदरे विकून पैसा करणें त्यांस मान्य नव्हतें. १९९३ सालीं अटलांटिक या बड्या कंपनीचे संस्थापक अहमेत एर्टेगन स्वतः भेटीस आले, पण तेही रिकाम्या हातानें परतले.

यास कोणी औदार्य म्हणेल. आम्हांस त्यांत अधिक कांहीं दिसतें. श्रोत्यांत कोणी दांडगाई करूं लागला, तर हे लोक वादन थांबवीत, प्रसंगीं त्याचे पांच डॉलर त्याच्या हातीं परत देऊन त्यास बाहेरची वाट दाखवीत. अल्प दरानें त्यांस जें मिळालें, तें हेंच: कंपनीस नकार देण्याचें आणि गिऱ्हाइकासही नकार देण्याचें सामर्थ्य. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण काटकसरीसाठीं वापरतों. परंतु अंथरूण आपलें असलें म्हणजे तें कोणी ओढून नेऊं शकत नाहीं, हा तिचा दुसरा अर्थ आपल्या ध्यानीं येत नाहीं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्यांच्या गरजा थोड्या व पाठीशीं घर आहे, त्यांसच हा संयम परवडतो. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे, त्यास अल्प मोबदल्याचा उपदेश करणें निर्दयपणाचें होय. आम्हांस हें मान्य आहे. शिवाय डिस्कॉर्डही सर्वस्वीं एकाकी नव्हती. तबकड्यांच्या निर्मितींत व वितरणांत तिला लंडनच्या 'सदर्न'चें साह्य होतें. म्हणून स्वावलंबन म्हणजे कोणावरही न विसंबणें नव्हे. कोणावर आणि कोठवर विसंबावें, हें आपण स्वतः ठरविणें होय. पांच हा आंकडा अनुकरणीय नाहीं. तो मागणारा येण्यापूर्वींच ठरविलेला होता, हें अनुकरणीय आहे.

फुगाझीचें जाहीर वादन २००२ सालीं थांबलें. ज्यांस त्यांचें संगीत रुचणार नाहीं, त्यांच्यापुढेंही त्यांनीं टाकलेला प्रश्न उरतोच. विद्या, लेखणी वा कला विकून जगणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गानें 'इतकें पुरे' ही रेघ कोठें ओढली आहे? आणि ओढली नसेल, तर ती आपल्यासाठीं दुसरें कोण ओढीत आहे?