शिंगराचा भोवरा

आमच्या उमरेडात घोडी दिसते ती वरातीत. शिंगरे वाढवून विकण्याचा व्यवहार पाहायचा तर नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत जावे लागते. तापीकाठच्या त्या बाजारात मारवाडी, काठेवाडी जनावरे येतात. रेवाल चाल खरी असेल तर स्वाराच्या पोटातले पाणी हलत नाही. ही चाल बरीचशी रक्तातून येते, थोडी शिकवून. पण वर्षाच्या शिंगरावर स्वार बसवता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक बापाची चाल पाहते आणि पोराच्या अंगावरचे भोवरे.

गळ्यावर देवमण असला की भाव चढतो. डोळ्याखाली भोवरा असला की शिंगरू अपशकुनी. नवख्याला तो दिसतही नाही.

शकुन-अपशकुनाला आमच्या दीनात जागा नाही. मग जी खोट आम्ही खोटच मानत नाही, ती सांगायची का? पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. ओल खरीच होती. भोवऱ्याचे तसे नाही. ही पळवाट आम्हांला बरेच दिवस पटत होती.

पण देवमण असता तर? त्याचे जादा पैसे आम्ही परत केले असते? शिवाय पुढे घरात कोणी आजारी पडले की खापर त्या मुक्या जनावरावर फुटणार.

तेव्हा भोवरा दाखवावा, आपण तो मानत नाही हेही सांगावे आणि शिंगरू दोरीवर चालवून दाखवावे. भाव पाडून मागितले, तर आणखी एक वर्ष दावणीला ठेवावे, चाऱ्याचा खर्च अंगावर घेऊन.